आबांचा फाटका कान

मी एक कॅमेरा बोलतोय. काळेवाडीच्या मुख्य रस्त्यावर, भाजीच्या गाड्यांच्या समोर, मुबीनचं फोटो आणि झेरॉक्सचं दहा फुटी दुकान आहे. तिथल्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या मुठीवरचं रबर सुटलंय, ते दोनदा चिकटवून झालं. बटण दाबलं की तीनातून एकदा मी अडकतो. पण माझं गाऱ्हाणं म्हातारपणाचं नाही. मी जे नीट पाहिलं, ते जसं होतं तसं कुणालाच नको होतं, हे माझं गाऱ्हाणं आहे. आणि आता चिडचिड करायची माझी पाळी आहे, तेव्हा जरा ऐकून घ्या.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेल्या माणसांनी मला जोडलं. मी डोळा उघडला तेव्हा समोर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक तक्ता होता. मी त्याचा फोटो काढला. त्यांनी तो ताडून पाहिला. एकही रेघ वाकडी नव्हती, काळं ते काळं आणि पांढरं ते पांढरं होतं, म्हणून मला पास केलं. एक रेघ जरी मी मनाने सरळ केली असती, तरी मला मोडीत काढलं असतं. जसंच्या तसं पाहायचं, या एका अटीवर मला जगात पाठवलं गेलं.

माझे पहिले मालक नानासाहेब, चाकणचे. लग्नाचे फोटो काढायचे. त्यांच्याकडे मी नऊ वर्षं होतो, आणि ती माझी सुखाची वर्षं होती. नानासाहेब आधी माणसाशी बोलायचे, मग फोटो काढायचे. एकदा एका नवरदेवाच्या नाकावर ऐन लग्नात मोठा फोड आला होता. त्याची आई काकुळतीला आली होती, "तेवढा फोड काढून टाका हो फोटोतून." नानासाहेबांनी नवरदेवाला खांद्याला धरून जरासं वळवलं, उजेड दुसऱ्या गालावर घेतला आणि म्हणाले, "काढायचा कशाला? चार दिवसांनी आपोआप जाईल. तोवर आपण दुसरीकडून बघू." मला ते फार पटलं होतं.

मग नानासाहेबांचे गुडघे गेले. मंडपात तासन्‌तास उभं राहणं जमेना. त्यांनी मला मुबीनच्या हातात दिलं.

मुबीन वाईट माणूस नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी त्याच्यावर बराच चिडणार आहे. तो आधी चिखलीतल्या एका वर्कशॉपमध्ये तपासणीला होता. दिवसभर लोखंडाचे एकसारखे तुकडे मापात आहेत की नाहीत ते बघायचं. एखादा जरा वेगळा निघाला, की लाल डब्यात टाकायचा. सात वर्षं त्याने हे केलं. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा त्याने आणि त्याच्या बायकोने, उझ्माने, हे दुकान काढलं. ती झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म बघते, तो फोटो.

मला घ्यायला आला तेव्हा तो नानासाहेबांना म्हणाला होता, "सारखं सारखं बघून माझे डोळे पिकलेत, नानासाहेब. मला साध्या वस्तू वेगळ्या करून बघायच्यात."

त्या वाक्यात काय वाढून ठेवलंय, ते मला तेव्हा कळलं नाही.

पहिला बळी गेला दुकानामागच्या नळाचा. पितळी, हिरवट पडलेला, तोंडाला चिंधी बांधलेला नळ. मी त्याचा फोटो मन लावून काढला. चिंधीचा धागान्‌धागा आला होता, तोंडाशी लोंबणारा थेंबसुद्धा. मुबीनने तो कॉम्प्युटरवर घेतला आणि पट्ट्या ओढायला सुरुवात केली. कॉम्प्युटरवर अशा पट्ट्या असतात. एक ओढली की रंग भडकतो, दुसरी ओढली की सावली गडद होते, तिसरीने बारीकसारीक खरवड उठून येते. शहाणा माणूस चिमूटभर ओढतो. मुबीन शेवटच्या टोकापर्यंत ओढायचा. नळ सोन्याचा झाला. मागची विटांची भिंत गेली आणि जांभळं आभाळ आलं. थेंबात विजा चमकायला लागल्या.

उझ्मा चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघतच राहिली. "हे काय आहे?"

"ओळख."

"रॉकेट?"

"आपला नळ गं, मागचा!"

"मग त्याला सांगा, विजा पाडण्यापेक्षा पाणी पाड म्हणावं. सकाळपासून कोरडा आहे."

मुबीन हसला. पण त्याने तो फोटो मोबाइलवर टाकला, आणि संध्याकाळपर्यंत कुठल्याकुठल्या लोकांनी त्याला बदाम पाठवले. सात वर्षांत त्याच्या कामाला कुणी नुसतं 'बरं' म्हणालं नव्हतं. मग तो थांबतोय कसला? चहाचं पातेलं झालं, बसथांब्यावरचा तुटका बाक झाला, उझ्माची उशी झाली. चाकणच्या बाजारातला एक कांदा त्याने असा काही रंगवला, की तो कुठल्या तरी देवाच्या मुकुटातला खडा वाटावा. मी त्या कांद्याच्या मुळांना लागलेली माती टिपली होती. ती माती त्याने एका फटक्यात पुसली. मी वैतागायचो. पण माझं वैतागणं कुणाला ऐकू जाणार?

एक गोष्ट कबूल करतो, जड जातं तरी. जुन्या वर्कशॉपमधून आणलेल्या लोखंडाच्या किसाचा फोटो होता. त्या कुरळ्या पत्र्यांची त्याने निळ्या समुद्राची लाट केली. तो फोटो सुंदर होता. दुकानातलं गिऱ्हाईक त्याच्यासमोर उभं राहायचं. मुबीनच्या हातात कसब आहे, ते मी नाकारत नाही. पण नळाने किंवा कांद्याने तक्रार केली नाही, म्हणून त्याचा हात माणसांकडे वळला. खरी चिडचिड तिथून सुरू झाली.

आता माणसांचंही सांगतो. फोटो हातात पडला की माणूस आधी स्वतःला शोधतो आणि मग स्वतःत काय खुपतंय ते शोधतो. पुरुष श्वास आत ओढून पोट लपवतात, आणि फोटो होईपर्यंत लाल होतात. बायका म्हणतात, "असू दे, जशी आहे तशी येऊ दे," आणि लगेच, "फक्त हे जरा..." म्हणून बोट ठेवतात. मुबीन ते 'हे जरा' काढून टाकायचा, आणि त्यासोबत न सांगितलेलंही बरंच काही. त्याच्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सचे फोटो चांगले होतात, अशी ख्याती झाली. पार मोशी-चिखलीहून लोक यायचे. कुणाचंही तोंड घ्या, मुबीन त्याला भारदस्त करून द्यायचा.

तसेच एका वैशाखात बाळाजी आबा आले.

आबा मूळचे चाकणजवळच्या एका गावचे. शेती अजून होती, पण मुलगा दादासाहेब चाकणच्या कंपनीत लागला आणि त्याने चिखलीत फ्लॅट घेतला, म्हणून म्हातारा-म्हातारी तिथे राहायला आली होती. आबांना पंचाहत्तरावं लागत होतं. सोसायटीच्या दारात फ्लेक्स लावायचा होता. सून सुप्रिया त्यांना घेऊन आली. आबा स्टुलावर बसले. डोक्यावर पांढरी टोपी, गाल आत गेलेले, नाकाशेजारी तीळ, एक डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक, आणि डाव्या कानाची पाळी मधोमध फाटून दोन टोकं लोंबलेली.

"आबा, इकडे बघा," मुबीन म्हणाला.

"बगतोय की. तूच भिंगाआड दडलायस."

उझ्मा झेरॉक्सच्या मशीनमागे हसली. आबांना ते आवडलं. त्यांनी डावा कान पुढे केला. "ह्यो कान नीट घे बरं, पोरा. फाटलाय म्हून लाजायचं काय कारण न्हाई. खोंडानं शिंग घातलं तवा मी सोळा वर्सांचा हुतो. गावात तीन बाळाजी. मला समदी फाटक्या कानाचा बाळाजी म्हनूनच वळखत्यात."

मी सहा फोटो काढले. तिसऱ्यात आबा हसत होते. तसा चेहरा नानासाहेबांकडे असतानासुद्धा मला क्वचित मिळाला होता.

आबा हात धुवायला गेले तेव्हा सुप्रिया उझ्माला हळूच म्हणाली, "हल्ली विसरतात हो. परवा लिफ्टने खाली गेले आणि मजलाच सापडेना. अर्धा तास जिन्यात बसून होते."

मग दादासाहेबांचा फोन आला. मुबीनने तो स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मला ऐकू आलं. "मुबीनभाऊ, आबा एकदम भारदस्त दिसले पाहिजेत राव. पुढाऱ्यासारखे."

मुबीनला तेवढंच हवं होतं. गाल भरले. तीळ गेला. दोन्ही डोळे एका मापाचे झाले. टोपी जाऊन केशरी फेटा आला, मागे ढगांनी भरलेला डोंगर आला. डाव्या कानाचं त्याला कोडं पडलं नाही. त्याने उजवा कान उचलला, उलटा केला आणि डावीकडे बसवला. लाल डब्यात टाकण्याजोगा तुकडा मापात आणावा, तितक्या सफाईने. मी शेजारी टेबलावरच होतो.

फ्लेक्स लागला. सगळ्यांनी वाहवा केली. पुढे सुप्रियाच सांगत होती, की सासूबाईंनी, गवराबाईंनी, तेवढं विचारलं, "कान कुटं गेला?" आणि सगळे हसले.

त्यानंतर महिनाभरात मुबीनचा कॉम्प्युटर भरला. नवीन काही मावेना. त्याने बसल्या बसल्या गिऱ्हाइकांचे मूळ फोटो पुसून टाकले. त्याने केलेले ठेवले, मी पाहिलेले पुसले. माझ्यातलं कार्ड तर दर आठवड्याला पुसलं जातं. तुम्ही म्हणाल, तुला आबांचा चेहरा आठवतो ना? आठवतो. पण काढून दाखवता येत नाही. माझ्या जन्मातलं सगळ्यात मोठं वैर मला या गोष्टीशी आहे.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आबा घरातून गेले.

सुप्रिया गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आत आली तर दार उघडं. सोसायटीच्या दारावरच्या कॅमेऱ्यात आबा डावीकडे वळताना दिसले, पाठमोरे. पुढे काही नाही. पोलिसांत तक्रार दिली. शोधायचं म्हणजे आधी फोटो हवा. घरात फोटो नव्हते असं नाही. दादासाहेबांच्या लग्नातला होता, वीस वर्षांपूर्वीचा, काळ्या मिशांचा. मोबाइलमधल्या फोटोंत आबा कडेला, अर्धे, नातवाच्या मागे. आधार कार्डावर नुसता काळा डाग. नीट समोरून, स्वच्छ, मोठा असा एकच होता. मुबीनने केलेला.

तोच सगळीकडे गेला. व्हॉट्सॲपवर, चाकणच्या चौकात, भोसरीत, पिंपरीच्या स्टेशनाबाहेर, बसथांब्यांवर. 'हरवले आहेत' आणि खाली फेटेवाले, भरल्या गालांचे, दोन अखंड कानांचे आबा. लोकांनी मदत केली नाही असं कुणी म्हणू नये. दोन दिवसांत फेटा बांधलेले तीन म्हातारे लोकांनी धरून बसवले आणि फोन केले. त्यातला एक तर लग्नाला निघाला होता, तो फार संतापला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुप्रिया दुकानात आली. केस विंचरलेले नव्हते, पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"मुबीनभाऊ, आबांचा पहिला फोटो हवाय. तुम्ही काही करायच्या आधीचा."

मुबीन कॉम्प्युटरपाशी बसला. हे उघड, ते उघड. मला माहीत होतं, नाही. त्यालाही माहीत होतं. तरी तो शोधत राहिला.

"वहिनी, तो पुसलाय मी."

"पुसला म्हणजे?"

"जागा नव्हती यात."

सुप्रिया ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने भिंतीकडे पाहिलं. तिथे चौकटीत सोन्याचा नळ लावलेला होता, हाताएवढा मोठा. "नळाला जागा होती ना, भाऊ?"

उझ्माने मशीन बंद केलं. 

मुबीनने मला कपाटातून काढलं. माझं कार्ड बाहेर घेतलं आणि पुसलेले फोटो परत आणणारा काही प्रकार कॉम्प्युटरवर लावला. मलाही आशा लागली. पण वर सात महिन्यांचे फोटो चढले होते. पासपोर्ट फोटो आले, बारशाचे आले. शेवटी आबांच्या एका फोटोची वरची पट्टी आली. टोपीची कड आणि कपाळ. खाली नुसता राखाडी रंग. तो राखाडी रंग बघून मला जे वाटलं ते सांगता येत नाही. त्या रंगाखाली आबा हसत होते, आणि ते फक्त मला माहीत होतं.

"आजींना घेऊन या," उझ्मा एकदम म्हणाली. "त्यांना पाठ असेल चेहरा. त्या सांगतील तसं तुम्ही करा. इतकं सगळं बदलता येतं ना तुम्हाला, मग उलटं बदला."

तासाभरात गवराबाई रिक्षातून आल्या. बारीक, काळ्यासावळ्या, नऊवारी नेसलेल्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नवरा फेटा बांधून बसलेला. त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही. स्टूल पुढे ओढलं आणि विचारलं, "कुटनं सुरू करायचं?"

"तुम्ही सांगा, आई."

"फेटा काढ. त्यांनी जलमात कदी बांधला न्हाई."

फेटा गेला, कार्डातून परत आलेली ती पट्टी वर बसली. टोपी आणि कपाळ. मग एकेक.

"डोळं सारकं न्हाईत. डावा बारीक. आनकी. आनकी बारीक कर. हां."

"गाल?"

"गाल कुटं ऱ्हायल्यात आता? वरचं दात न्हाईत की त्यांना. ततं खड्डा पडतो."

मुबीनचा हात नेहमी उजवीकडे ओढायचा. आज तो डावीकडे ओढत होता. तीळ बसला, एकदा वर, मग गवराबाईंनी बोटाने जागा दाखवली तिथे. कानाशी मात्र तो अडला. डावीकडे बसवलेला उजवा कान काढून टाकला, पण फाटकी पाळी कशी होती ते त्याला आठवेना. गवराबाईंनी स्वतःच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून दुमडून दाखवली. "अशी दोन टोकं. फुडचं मोठं, मागचं बारीक."

सगळं झालं तरी चेहरा आबांचा होईना. गवराबाई मान हलवत राहिल्या. "समदं हाय, पन ह्ये न्हाईत. कातडं कुनाचं लावलंयस ह्ये? गुळगुळीत हाय. बाहुल्यागत."

मुबीनने हात डोक्याला लावला. मूळ कातडी त्यानेच पुसली होती. आता सुरकुत्या आणायच्या कुठून? दुसऱ्या कुणा म्हाताऱ्याच्या आणल्या असत्या, तर पुन्हा तेच.

गवराबाईंनी माझ्याकडे बघितलं. खरंच, माझ्याकडे. "त्यो कॅमेरा हाय ना तुझा? माजा गाल घे. पन्नास वर्सं एकाच उनात हुतो आमी दोगं. त्यांचं न् माजं कातडं काय निराळं हाय व्हय?"

मुबीनने मला उचललं. त्याच्या तळव्याला घाम आला होता, माझी मूठ निसटत होती. उझ्माने दाराचा पडदा बाजूला केला आणि उजेड आत घेतला. मी गवराबाईंच्या गालाजवळ गेलो, कधी कुणाच्या गेलो नव्हतो इतका जवळ. रेघांत रेघा होत्या. उन्हाने काळवंडलेलं, जागोजाग फिक्या ठिपक्यांचं, कधीही काही न लावलेलं कातडं. मी गाल घेतला, कपाळ घेतलं, मानेची वळी घेतली. मी अडकलो नाही. त्या दिवशी मी एकदाही अडकलो नाही.

मुबीनने ते आबांच्या चेहऱ्यावर हळूहळू पसरवलं. गवराबाई पुढे वाकल्या. तीळ पाहिला, कान पाहिला. मग पडद्याला बोट लावून म्हणाल्या, "हां. आता वळक लागली." आणि तेव्हा कुठे त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

नवा फोटो संध्याकाळपर्यंत सगळीकडे गेला. दादासाहेब आणि मुबीन जुन्या कागदांवर नवे कागद चिकटवत फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. पिंपरीत एका बसथांब्याशेजारी रोशनबी नावाच्या बाईंची चहाची टपरी आहे. त्या म्हणाल्या, "अहो, हे बाबा तर चार दिवस माझ्याकडेच चहा पितायत."

आबा गावाला निघाले होते. चाकणच्या बसऐवजी पिंपरीच्या बसमध्ये चढले, आणि उतरल्यावर थांब्यावरच बसून राहिले. आणि ऐका, ज्या खांबाला टेकून ते बसत होते, त्याच खांबावर पहिल्या दिवसापासून त्यांचा तो फेट्यातला फोटो चिकटवलेला होता. रोशनबी रोज त्याच्यासमोर कप विसळायच्या. त्यांनी एकदा सहज आबांना विचारलंही होतं, "बाबा, हे कोण हरवलेत हो?"

आबा फोटोकडे बघून म्हणाले होते, "कुनी पुढारी असंल."

हे सुप्रियाने दुकानात येऊन सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही.

आबा जिवंत सापडले. पण अनवाणी चालून पायाला जखम झाली होती, साखरेचा आजार, चार दिवस त्यात धूळ गेलेली. डॉक्टरांनी उजव्या पायाची दोन बोटं काढली. दोन दिवस आधी आणलं असतं तर वाचली असती, असं ते म्हणाले म्हणे. ते दोन दिवस कुठे गेले, ते दुकानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आठवड्याने दादासाहेब आले. मुबीन उभा राहिला. त्याला वाटलं, आता हे आपली गचांडी धरणार. दादासाहेब खाली बघत म्हणाले, "पुढाऱ्यासारखे करा, असं मीच सांगितलं होतं." मुबीनने स्टूल पुढे केलं. दादासाहेब बसले नाहीत, शिफ्टला निघून गेले.

इथे गोष्ट संपायला हवी, आणि मुबीन सुधारायला हवा. पण मी कॅमेरा आहे, जे झालं तेच सांगणार. मुबीनने नळाचा फोटो भिंतीवरून उतरवला. तीन आठवडे तिथे नुसता खिळा होता. मग फोटो परत लागला. पट्ट्याही परत ओढल्या जाऊ लागल्या. पोट चालवायचं तर गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही, आणि गिऱ्हाईक काही बदललेलं नव्हतं. शिवाय एक गोष्ट मला स्वतःलाही छळते. आबा सापडले ते मी काढलेल्या खऱ्या फोटोने नाही. खोट्यावर खोटं चढवून, बायकोचा गाल नवऱ्याला लावून केलेल्या फोटोने सापडले. मग मी कुणावर चिडायचं? मी चिडतो, पण नीट चिडता येत नाही.

आता तर मुबीनने नवा मोबाइल घेतलाय. तो फोटो काढतानाच माणसाला गुळगुळीत करून मोकळा होतो, मुबीनने हात लावायच्या आधीच. मला आठवड्यातून चार-दोनदा खाली काढतात. तेही उझ्माच्या एका नियमामुळे. तिने ठरवलंय, की प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक फोटो माझ्याकडून काढायचा, त्याला काहीही करायचं नाही, आणि तो फुकट द्यायचा. गर्दी असली की नियम बारगळतो. नसली की ती मुबीनकडे नुसती बघते आणि तो मला खाली घेतो.

परवा दिव्या नावाची मुलगी आली होती. कॉलेजची, नोकरीच्या अर्जाला फोटो हवा होता. तिच्या हनुवटीखाली भाजल्याची जुनी खूण होती. "हे तेवढं काढा हां," ती म्हणाली. मुबीनने काढलं. मग मला उचललं आणि खुणेसकट एक काढला. दोन्ही फोटो पाकिटात घालून दिले.

"हा दुसरा कशाला, दादा?"

 आबांची सगळी हकीकत त्या पोरीला काय सांगायची? "घरी असू दे," एवढंच मुबीन म्हणाला.

तिने पाकिटातून गुळगुळीत फोटो काढून पर्समध्ये ठेवला. दुसरा काउंटरवर ठेवला आणि गेली.

बहुतेक जण असेच ठेवून जातात. काही जण उलटा करून ठेवतात, चेहरा खाली. उझ्मा ते टाकत नाही. मागे नाव आणि तारीख लिहिते आणि झेरॉक्सच्या कागदांच्या रिकाम्या खोक्यात उभे लावते. खोकं माझ्या खालच्या फळीवर आहे. काचेतून मला ते दिवसभर दिसतं. तीळ, व्रण, पुढे आलेले दात, बसकी नाकं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळी काळेवाडी आणि अर्धी चिखली तिथे दाटीने उभी आहे.

माझं बटण आता फार दिवस चालायचं नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, याचे भाग मिळत नाहीत. तेव्हा चिडका म्हणा, म्हातारा म्हणा, पण एवढं ऐका. भिंतीवर कुठला फोटो लावायचा तो तुमचा प्रश्न. मोबाइलवर राजासारखे दिसा, राणीसारखे दिसा. पण उद्या कुणी रस्तोरस्ती लोकांना थांबवून, "या माणसाला कुठे पाहिलंत का?" असं तुमच्याबद्दल विचारायला निघालं, तर त्याच्या हातात काय असेल?

तुमच्यातल्या कितीतरी जणांचे चेहरे इथे खोक्यात पडून आहेत. दुकान सकाळी दहाला उघडतं. उझ्माला नाव सांगा, ती शोधून देईल. या, आणि घेऊन जा.